त्सुकुदासान वाकले त्याची गोष्ट

"विश्वात दोनच शक्ती आहेत," गेनशू सेन्सेई दोन्ही हात पसरून म्हणाले, "डावी आणि उजवी. डावी म्हणजे आजार, भांडणं, भूकंप. उजवी म्हणजे आरोग्य, बरकत, शांत झोप. आणि डाव्याचं उजवं करण्याची विद्या ज्याला साधली, त्याच्या पावलाखालची जमीनसुद्धा पवित्र होते."

सभागृहातली दीडशे माणसं त्या पावलांकडे बघू लागली. पावलांत हिरव्या रबरी चपला होत्या.

इसोनो गावच्या सभागृहात हिरव्या रबरी चपला एकाच खोलीत असतात आणि त्या त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर आणायच्या नसतात, हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. सभागृहाची देखभाल करणाऱ्या सुमिएबाई कमरेत वाकून मंचापाशी गेल्या, तपकिरी चपलांचा जोड सेन्सेईंच्या पुढ्यात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "सेन्सेई, या संडासातल्या आहेत."

हळूच म्हणाल्या खऱ्या, पण माइक सेन्सेईंच्या छातीवरच अडकवलेला होता.

कोणी हसलं नाही. इसोनोत हसू आलं की लोक खोकतात. दीडशे माणसं खोकली. सेन्सेईंनी चपला बदलल्या आणि म्हणाले, "बघा, डावी शक्ती माझ्याही पायांपर्यंत पोचते." यावर टाळ्या पडल्या. दोन वर्षांपूर्वीपर्यंत शेजारच्या गावात चुंबकाच्या गाद्या विकणारा माणूस असा सहजासहजी अडखळत नसतो.

शेवटच्या रांगेत बसलेल्या त्सुकुदासाननी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर सेन्सेईंचं पत्रक होतं. पत्रकावर एक आलेख होता आणि एक फोटो. फोटोत सेन्सेई ताठ उभे होते आणि त्यांच्यापुढे पांढरा डगला घातलेला एक माणूस कमरेतून काटकोनात वाकला होता. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: विज्ञान वाकलं.

तो वाकलेला माणूस म्हणजे स्वतः त्सुकुदासान.

मंचावरून प्रत्येकाला पेलाभर उजवं पाणी, म्हणजे सेन्सेईंनी प्रार्थना केलेलं पाणी, वाटणं सुरू झालं. हे पाणी उपाशीपोटी घ्यायचं असल्यामुळे सभा रविवारी सकाळी भरत असे. सुमिएबाई पेले पुढे करत होत्या, पण इतक्या संथपणे, की जणू प्रत्येक पेल्याचा निरोप घेत असाव्यात. जूनचा महिना होता, लोक पंख्याने वारा घेत होते आणि सुमिएबाईंनी कापूस भरलेलं जॅकेट घातलं होतं.

"पुढच्या रविवारी," सेन्सेई म्हणाले, "सुमिएबाई आपल्याला त्यांचा अनुभव सांगतील. सात आठवडे त्यांनी डावं औषध पोटात घेतलेलं नाही. ज्यांना इच्छा असेल त्यांनी त्या दिवशी आपापल्या डाव्या गोळ्या घेऊन या. इथे पेटी ठेवू."

त्सुकुदासानच्या हातातलं पत्रक चुरगळलं. सुमिएबाई त्यांची सख्खी थोरली बहीण.

*

आता हे वाकणं कसं घडलं ते सांगायला हवं.

त्सुकुदासान ज्या कंपनीत एकतीस वर्षं नोकरी करत होते, तिथे कॉलम बनतात. कॉलम म्हणजे वीतभर लांबीची पोलादी नळी. जगात पुष्कळ रेणू जोडीने असतात, डावा आणि उजवा हात असावेत तसे. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. वजन तेच, घटक तेच, पण डाव्या हातात उजवा मोजा बसत नाही. औषधाच्या बाबतीत हा फरक कधीकधी जिवावरचा असतो, म्हणून जोडी फोडून एकेकाला वेगळं करावं लागतं. ते काम ही नळी करते.

एप्रिलात कंपनीत गावकऱ्यांसाठी खुला दिवस होता. दाखवायचं काम त्सुकुदासानकडे. सकाळच्या गटाला त्यांनी छान समजावलं. "या नळीत बारीक भुकटी ठासलेली आहे आणि भुकटीवर एक नाजूक लेप आहे, कापसाच्याच नात्यातला. असं समजा की नळीत लाखो उजवे हातमोजे टांगलेत. उजवा हात प्रत्येक मोज्यात शिरून बघतो, रेंगाळतो. डाव्याला मोजा बसत नाही, तो सरळ पुढे निघतो. म्हणून डावा आधी बाहेर, उजवा नंतर." आणि पडद्यावर एक टेकडी उगवली आठव्या मिनिटाला, दुसरी अकराव्या मिनिटाला. लोकांनी "अरे वा" म्हटलं. तो आलेख छापून फळ्यावर लावला.

मग जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीत यंत्राच्या नळ्या अल्कोहोलने धुवायच्या म्हणून त्सुकुदासाननी डबा खाताखाता बाटली जोडली. बाटली मात्र अल्कोहोलची नव्हती. काचेची भांडी विसळायला ठेवलेलं अॅसिटोन होतं, बायका नखांचं पॉलिश काढायला वापरतात तेच. आणि त्या जुन्या पद्धतीच्या कॉलममधला लेप अॅसिटोनपुढे नखाच्या पॉलिशहून वेगळा वागत नाही. पाऊण तासात लाखो हातमोजे विरघळून सांडपाण्याच्या डब्यात गेले. त्सुकुदासान तेव्हा भातावरचा आंबट प्लम चोखत होते.

दुपारच्या गटात गेनशू सेन्सेई आले. कंपनीतल्या कोणाची तरी बायको त्यांना घेऊन आली होती. त्यांनी सकाळच्याच नमुन्याची बाटली मागून घेतली, तिच्यावर नव्वद सेकंद तळहात धरला, आणि खिशातून ब्रश काढून लेबलवर आपलं नावही लिहिलं. "आता घाला तुमच्या यंत्रात," ते म्हणाले.

चौथ्या मिनिटाला एक टेकडी आली. मग आठवं मिनिट गेलं, अकरावं गेलं, काही आलं नाही. सेन्सेईंनी तो रिकामा वेळ मंत्राने भरून काढला. एकच टेकडी. दोनाची एक झाली होती.

"डावं उरलंच नाही," सेन्सेई म्हणाले.

त्सुकुदासानना अर्ध्या क्षणात सगळं समजलं. बाटल्यांच्या फळीकडे त्यांचं लक्ष गेलं. हा कॉलम त्यांच्या गुरूंनी, ओगिनोसाननी, निवृत्त होण्याच्या आदल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने भरला होता. एकतीस वर्षांत त्सुकुदासानकडून एकही कॉलम वाया गेला नव्हता, आणि गेला तो हा, तोही तीस माणसांसमोर. विभागप्रमुख निशिवाकीसान समोरच उभे होते. माफी मागायची म्हणून त्सुकुदासान कमरेतून वाकले. पाठ वाकली, पण तोंडातून शब्द निघाला नाही. निशिवाकींच्या आणि त्यांच्या मध्ये सेन्सेई येऊन उभे राहिले होते, आणि कोणीतरी फोटो काढला.

वर उठल्यावर ते एवढंच म्हणाले, "असं होय."

या दोन शब्दांचंही पुढे पत्रक निघालं.

संध्याकाळी त्यांनी तो कॉलम रुमालात गुंडाळून आपल्या खणात ठेवला आणि नोंदवहीत लिहिलं, 'जुना झाल्याने वापर बंद.' लोक प्रार्थनेचं पाणी प्यायले तर काय बिघडतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजावायला बसला की ऐकणारा फार मऊ असतो.

*

सभेनंतर ते बहिणीच्या घरी जेवायला गेले. सुमिएबाईंनी गार पाण्यात शेवया वाढल्या. त्यांच्या पापण्या सुजल्या होत्या आणि आवाज घोगरा झाला होता. वाक्याच्या मधेच त्या थांबत, जणू पुढचा शब्द शेजाऱ्यांकडून आणायचा आहे.

"ताई, जॅकेट काढ की."

"थंडी वाजते. डावं बाहेर पडताना गारठा सोडतं. सेन्सेई म्हणाले."

"कुठली गोळी सोडलीस तू?"

"एकच तर घेत होते. गळ्याची."

त्सुकुदासानच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. अकरा वर्षांपूर्वी सुमिएबाईंच्या गळ्यातली गाठाळलेली ग्रंथी शस्त्रक्रियेने पूर्ण काढून टाकली होती. तेव्हापासून त्या ग्रंथीचं सगळं काम रोज सकाळची ती एक इवलीशी गोळी करत होती.

"ती कशी सोडता येईल, ताई?"

"डावी आहे ती. लेव्होथायरॉक्सिन. मी विचारलं तुला, लेव्हो म्हणजे काय रे कियो, तर तू म्हणालास, डावं. तोंडात घास होता तुझ्या, तरी अगदी स्पष्ट म्हणालास."

म्हणाले होते खरे. कशासाठी विचारते आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"अगं, डावी आहे म्हणूनच ती लागू पडते. शरीराला तीच ओळखू येते."

"मग त्या दिवशी यंत्राने काय दाखवलं?"

"यंत्र कधीकधी चुकतं."

"मग एकतीस वर्षं कंपनी तुला पगार कसला देते?"

त्सुकुदासान शेवया गिळायला लागले. त्या आधीच मऊ होत्या.

"त्या गादीविक्यावर तुझा एवढा विश्वास बसलाच कसा?" त्यांनी अखेर विचारलं.

सुमिएबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "त्याच्यावर? संडासातल्या चपला घालून पावित्र्य सांगणाऱ्यावर? छे. माझा विश्वास तुझ्यावर आहे. पाच वर्षांचा होतास तेव्हापासून तुला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. मी तिथे होते त्या दिवशी. तू वाकलास ना, कियो. उगीच कशाला वाकशील?"

त्सुकुदासानचे कान लाल झाले होते. पण सुमिएबाईंची नजर हल्ली अंधूक होत चालली होती.

*

"भट्टी विझवायची आणि गारठा कुठून आला म्हणून विचारायचं," डॉक्टर मिनेगिशी म्हणाल्या. गावातल्या दवाखान्यात त्या पंचवीस वर्षं होत्या आणि गोड बोलायला त्यांना कधी वेळ मिळाला नव्हता. "सात आठवडे? आणखी थोडे दिवस गेले तर एका सकाळी त्यांना हाक माराल आणि त्या उठणार नाहीत. मी तीनदा घरी जाऊन आले. म्हणतात, भाऊ वाकलाय."

"तुम्ही पुन्हा एकदा सांगून बघाल का?"

"माझा फोटो पत्रकावर नाही, त्सुकुदासान." त्यांनी एक पाकीट पुढे सरकवलं. "इतके दिवस बंद होती म्हणून आधी कमी ताकदीची. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. घेतली की मला लगेच कळवायचं, मी येऊन रक्त घेईन. आणि पेटीत टाकायला आणखी कोण कोण काय घेऊन येणार आहे माहीत आहे का? सुकटवाले हिराबायाशी आजोबा हृदयाची गोळी घेऊन येणार आहेत. तिचं नाव धड वाचतासुद्धा येत नाही त्यांना, पण ती डावीच असणार अशी त्यांची खात्री आहे."

दुसऱ्या दिवशी त्सुकुदासान निशिवाकीसानच्या टेबलापुढे उभे राहिले, खणातली रुमालाची गुंडाळी समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. अॅसिटोन, डबा, नोंदवहीतलं खोटं वाक्य. मग वाकले. या वेळी शब्द आधी निघाले आणि पाठ नंतर वाकली.

निशिवाकीसाननी खणातून एक कागद काढला. "हा भरा. 'कारण' असं जिथे लिहिलंय तिथे 'निष्काळजीपणा' लिहा. सविस्तर नको, चौकट लहान आहे."

"एवढंच?"

"बारा वर्षं झाली होती त्या कॉलमला. पुढच्या वर्षी आपण तो काढणारच होतो. ओगिनोसाननी तर स्वतः असे चार घालवले होते, तुम्हाला बोलले नाहीत का कधी?"

त्सुकुदासाननी कागदावर 'निष्काळजीपणा' लिहिलं. शिक्षा मिळाली असती तर बरं झालं असतं. ज्या गोष्टीपायी त्यांनी बहिणीच्या अंगातली भट्टी विझू दिली, ती गोष्ट बोटभर चौकटीत मावत होती.

मग ते प्रयोगशाळेत गेले. नमुन्यांच्या बाटल्या सहा महिने ठेवायचा नियम असतो. सेन्सेईंच्या सहीची बाटली फळीवर जशीच्या तशी होती. त्यांनी धडधाकट कॉलम यंत्राला जोडला.

*

रविवारी मंचावर पेटी होती. कागदी, पांढरी, निवडणुकीतल्या मतपेटीसारखी. हिराबायाशी आजोबा गोळ्यांचं पाकीट छातीशी धरून पहिल्या रांगेत बसले होते. सुमिएबाईंना मंचाच्या दोन पायऱ्या चढायला हाताचा आधार लागला.

"बोला," सेन्सेई म्हणाले. "डावं गेल्यावर कसं वाटतं?"

"हलकं," सुमिएबाई म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचा शब्द येईना.

"तिला बसू द्या," मागून आवाज आला. "आधी मी बोलतो."

त्सुकुदासान कंपनीचा पांढरा डगला घालून आले होते. फोटोतला माणूस चालत येतो आहे म्हटल्यावर लोकांनी आपणहून वाट दिली. सेन्सेईंनी तर टाळ्याच वाजवल्या. "विज्ञान स्वतः आलं," ते म्हणाले.

"मी त्या दिवशी सेन्सेईंपुढे वाकलो नव्हतो," त्सुकुदासान म्हणाले. त्यांचे कान लाल होते, पण या वेळी खोट्याने नव्हे, लाजेने. "माझ्याकडून एक कॉलम वाया गेला होता. मी माफी मागायला वाकलो. शब्द निघाला नाही, पाठ तेवढी वाकली. तुम्ही त्याचा फोटो पाहिलात."

मग त्यांनी हातमोजे सांगितले, अॅसिटोन सांगितलं. "मोजेच उरले नाहीत तर डावा काय आणि उजवा काय, दोघं हातात हात घालून धावत सुटतात आणि एकदमच बाहेर येतात. म्हणून टेकडी एक. डावं कुठेही गेलं नव्हतं, उजव्याच्या बगलेत उभं होतं. आणि ही बघा खूण." त्यांनी मूळ आलेख वर धरला. "खाली मिनिटं लिहिली आहेत. डाव्याचं खरंच उजवं झालं असतं, तर टेकडी उजव्याच्या जागी आली असती, अकराव्या मिनिटाला, आणि दुप्पट उंच. ती आली चौथ्या मिनिटाला, दोघांपैकी कोणाच्याच जागी नाही. पत्रकातल्या आलेखाखाली ही मिनिटं नाहीत. कात्री कोणी लावली ते सेन्सेईंना विचारा."

"छपाईत जागा कमी होती," सेन्सेई म्हणाले. "आणि मित्रहो, संशय हीच सर्वांत डावी शक्ती—"

"ही तुमची सही ना?" त्सुकुदासाननी खिशातून बाटली काढली. "तुमच्या प्रार्थनेची बाटली. मंगळवारी मी ती चांगल्या कॉलममधून सोडली. हा आलेख. आठव्या मिनिटाला डावं, अकराव्याला उजवं. निम्मं निम्मं. तुमच्या प्रार्थनेनं त्यातला एकही रेणू कूस बदललेला नाही. उद्या कंपनीत या, दहा बाटल्या ठेवतो, पाचांवर प्रार्थना करा, कुठल्या ते मला सांगू नका. यंत्र ओळखतं का बघू."

सेन्सेईंनी घड्याळ पाहिलं. "एक मिनिट हं," असं म्हणून ते बाजूच्या दाराने आत गेले. ते कुठलं दार आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कोणी अडवलं नाही.

"पण माझा गुडघा बरा झाला या पाण्यानं," एक बाई म्हणाल्या.

"झाला असेल. एप्रिलनंतर थंडी गेली, माझाही झाला," त्सुकुदासान म्हणाले. "पाण्याला डावं-उजवं नसतंच हो. वाटीचं आरशातलं रूप वाटीच असतं. आणि आपल्या अंगातलं मांस ज्या कणांनी बनलंय, ते डाव्या बाजूचेच आहेत. सेन्सेईंना जगातलं सगळं डावं उजवं करता आलं असतं, तर इथे टाळ्या वाजवायला कोणी उरलं नसतं. त्यांनी तुम्हाला फसवलं, पण फसवायला अवजार मी पुरवलं. गप्प राहून. त्या दिवशी दोन आलेखांच्या मध्ये प्रार्थना झाली, हे तीस जणांनी पाहिलं. मध्ये जेवणाची सुट्टीही झाली होती, त्या सुट्टीत काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. विचारत जा. डगला घातलेल्यालाही विचारा. वाकलेल्याला तर आधी विचारा."

कोणी खोकलं नाही. हिराबायाशी आजोबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि परत आतल्या खिशात ठेवलं, वरून बटणही लावलं. बाहेर अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि रस्त्याकडे दूर गेला.

त्सुकुदासान बहिणीपुढे जाऊन वाकले. फोटोतल्यापेक्षाही खाली. "ताई, तुझे आठ आठवडे—"

"पुरे," सुमिएबाई म्हणाल्या. "तू वाकलास की काहीतरी महागात पडतं. सरळ उभा राहा." त्यांनी हात पुढे केला. त्सुकुदासाननी त्यावर डॉक्टरांचं पाकीट ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचलं. लेव्हो. "उपाशी आहे मी. पेलाभर पाणी आण. नळाचं."

त्यांनी गोळी गिळली. दीडशे माणसं बघत होती. काहीच झालं नाही. खऱ्या औषधाने पहिल्या मिनिटाला काही होत नसतं.

सुमिएबाईंनी पेला परत दिला आणि उठून बाजूच्या दारापर्यंत गेल्या. आत डोकावल्या. उंबऱ्यापाशी तपकिरी जोड तसाच पडलेला होता. मग बाहेर येऊन, शब्द जुळवायला लागला तेवढा वेळ घेऊन, भावाला म्हणाल्या,

"कियो, डॉक्टरांना कळव. मग त्या सेन्सेईंना फोन लाव. सांग, हिरव्या चपला पोस्टानं पाठवल्या तरी चालतील."